निवृत्त राजपूत वर्गाच्या विनाशिकांचे सुटे भाग बेळगावात बनवून धंदा होईल का? या जहाजांची पार्श्वभूमी काय?

उद्यमबागेत तुमचं मशीन शॉप आहे म्हणून सरळ सांगतो: या जहाजांच्या भरवशावर नवीन मशीन घेऊ नका. मी नौदलात इंजिन रूमला आर्टिफिसर, म्हणजे तंत्रज्ञ होतो, आता खानापूरला असतो.

राजपूत, राणा, रणजित, रणवीर, रणविजय अशी ही पाच जहाजं. सगळी सोव्हिएत काळात मिकोलाइव्हला, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये बांधलेली. मूळ आराखडा साठच्या दशकातल्या 'काशिन' या सोव्हिएत विनाशिकांचा. आपल्यासाठी मागची तोफ काढून हेलिकॉप्टरची सोय केली. राजपूत मे १९८० मध्ये दाखल झाली, मे २०२१ मध्ये निवृत्त. रणजित त्याआधी, २०१९ लाच गेली.

१९९१ ला सोव्हिएत संघ फुटला आणि या जहाजांचं माहेर दोन घरांत वाटलं गेलं. गॅस टर्बाइन युक्रेनच्या झोर्या-माशप्रोएक्टचे, क्षेपणास्त्रं रशियाकडची. २०१४ नंतर त्या दोघांचं पार बिनसलं. रशियात बांधायच्या आपल्या फ्रिगेटसाठी युक्रेनचे टर्बाइन शेवटी आपणच विकत घेऊन कालिनिनग्राडला पोचवले; त्यातली तुशिल २०२४ च्या डिसेंबरात दाखल झाली. दोन सरकारांच्या भांडणात कागद कसा अडकतो, हे आपल्या सीमाभागात वेगळं सांगायला नको!

आता तुमच्या कामाचं. टर्बाइनचं ओव्हरहॉल विशाखापट्टणमला नौदलाच्याच आयएनएस एक्सिला या केंद्रात होतं, तो नाद सोडा. राहिले पंप, व्हॉल्व्ह, बुश. पण जहाज निवृत्त झालं की कामाचे भाग काढून स्टोअरला जमा होतात, ते बहीण-जहाजांना लागतात, आणि उरलेला सांगाडा लिलावात भंगारात जातो. म्हणजे तुमची स्पर्धा त्या जुन्या जहाजातून निघालेल्या पंपाशीच आहे, आणि तो फुकटात पडतो.

दुसरं म्हणजे धातू. बेळगावच्या फाउंड्र्यांचा हात बसलाय तो ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नवर, म्हणजे ओतीव लोखंडावर. समुद्राच्या पाण्याला गनमेटल नाहीतर निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ, असे तांब्याचे मिश्रधातू लागतात. ड्रॉइंग मिळालं तर ते रशियन भाषेत, रशियन मानकांप्रमाणे. नाही मिळालं तर हातात येतो झिजलेला नमुना. त्यावर मायक्रोमीटर लावला की झिजलेलं माप मिळतं, मूळ नाही. जोडीचा भाग समोर असल्याशिवाय टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ठरवू नका. वर मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि प्रेशर टेस्ट आहेच. यातच लहान वर्कशॉपचा जीव जातो, मशीनिंगमध्ये नाही.

धंदाच बघायचा तर कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या नव्या विनाशिकांकडे बघा. त्यांचे टर्बाइनही झोर्याचेच, आणि ती जहाजं अजून बरीच वर्षं चालणार. संरक्षण खात्याच्या 'सृजन' पोर्टलवर, बाहेरून येणाऱ्या पण इथं बनवून हव्या असलेल्या वस्तूंची यादी असते. तिथं नौदलाचा भाग चाळा.

तुमच्याकडं सीएनसी आहे की साधे लेथच, आणि ब्राँझ ओतून देणारं कुणी ओळखीचं आहे का, तेवढं कमेंटमध्ये लिहा. त्यावरून कुठल्या वस्तूला हात घालायचा ते सांगता येईल.