लेकरू आंतरराष्ट्रीय संबंध शिकून करणार काय?

लातुरात समुपदेशन करायचं म्हणजे नीटचे गुण, रिपीटचं वर्ष आणि खासगी मेडिकलची फी, यापलीकडं फारसं काही समोर येत नाही. पण अलीकडं मधूनच एखादं मूल वेगळंच काही घेऊन येतं: मला इंटरनॅशनल रिलेशन्स करायचंय. परराष्ट्रमंत्र्यांच्या उत्तरांच्या रील्स पाहिलेल्या असतात, युक्रेन-गाझाच्या बातम्या रोज ऐकलेल्या असतात, कधी शाळेत मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची सभा) झालेलं असतं. मागोमाग पालक येतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो.

अशीच एक बारावी सायन्सची मुलगी. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. वडिलांची मार्केट यार्डात आडत. मुलीनं अकरावीत बायोलॉजी घेऊन गणित सोडलेलं, दिवाळीनंतर नीटच्या क्लासला जाणंही बंद केलेलं, आणि दिल्लीकडच्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक आणून घरात ठेवलेलं. राहणं-खाणं धरून चार वर्षांचा खर्च तीस लाखांच्या पुढं जात होता. वडील म्हणाले, "मॅडम, एमबीबीएसला एवढे घातले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ह्याला घालायचे तर मला समजू तरी द्या, लेकरू काय होऊन बाहेर पडणार?"

प्रश्न रास्त होता. मुलीला विचारलं तर ती एकाच शब्दात बोलली: आयएफएस.

इथं मी नेहमी थांबते, कारण बहुतेक घरांत गाडी इथंच चुकीच्या रुळावर जाते. आयएफएस म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा. तिथं जायचा रस्ता यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो, आणि त्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय आहे खरा, पण तो इंजिनिअरही घेतात आणि डॉक्टरही. मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांत त्याचे ५००. परराष्ट्र सेवेच्या जागा बहुतेक वर्षी पन्नासच्याही आत असतात. म्हणजे तीस लाख भरून घेतलेली पदवी त्या परीक्षेत वेगळा दरवाजा उघडत नाही. परराष्ट्र सचिव राहिलेले विजय गोखले इतिहासाचे एमए. जयशंकर यांनी आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएचडी केली ती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत. त्याआधी पदवी सेंट स्टीफन्समधून आणि एमए राज्यशास्त्रात. मुलीला हे माहीत नव्हतं. तिचा चेहरा जरा पडला, वडिलांचा खुलला. मला दोन्ही नको होतं.

वडिलांना वाटलं, आता मॅडम मुलीला परत नीटकडं वळवणार. पण आयएफएस कठीण आहे म्हणून विषयच टाकून द्यावा, असं होत नाही. तिला विषय आवडतो की विषयाचा थाट, हे आधी बघायला हवं होतं. म्हणून एक काम दिलं. म्हटलं, दोन पानं लिहून आण: लातूरच्या यार्डात तुरीचा भाव कुठल्या-कुठल्या देशांमुळं हलतो? माहिती इंटरनेटवरून घे, पण पप्पांशी बोलल्याशिवाय लिहायचं नाही.

पुढच्या भेटीत पहिलं पान आलं ते भाषणासारखं. भारत महासत्ता, जग आपल्याकडं बघतंय, वगैरे. दुसरं पान मात्र मी दोनदा वाचलं. २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी करार केला आणि तिथून येणारी तूर टप्प्याटप्प्यानं वर्षाला दोन लाख टनांपर्यंत न्यायचं ठरलं. पुढं म्यानमार आणि मलावीशीही तसेच करार झाले. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नकाला बंदरात माल अडकला तेव्हा यार्डात काय चर्चा चालायची, हे तिनं वडिलांच्या तोंडून लिहून घेतलं होतं. आयात शुल्कमुक्त ठेवल्यावर शेतकरी का चिडतो आणि शहरातलं गिऱ्हाईक का खूश होतं, हेही होतं. शेवटी तिनं स्वतःचा प्रश्न लिहिला होता: मोझांबिकच्या शेतकऱ्याला भारताच्या करारातून काय मिळतं, हे मला कुठंच सापडलं नाही.

हा प्रश्न वाचला आणि माझ्यापुरतं ठरलं. वडीलही म्हणाले, "हे सगळं ह्याच्यातच येतं व्हय?" ते रोज जे फोनवर बोलत होते, त्याचाच अभ्यास विद्यापीठात होतो, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. त्यानंतर ते विरोधक म्हणून बसले नाहीत. हिशेब करायला बसले.

मग आम्ही पदवीकडं वळलो. माझं मत स्पष्ट आहे, आणि ते सगळ्या समुपदेशकांना पटेलच असं नाही: पदवीच्या नावात 'आंतरराष्ट्रीय संबंध' असण्यासाठी घर गहाण टाकू नये. भारतात हा विषय पूर्वीपासून मुख्यतः एमएला शिकवला गेला. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बीएलाही तो आहे, काही खासगी विद्यापीठांत आहे. पण जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज, ज्याची मूळ संस्था १९५५ साली सप्रू हाउसमध्ये सुरू झाली, तिथं तुम्ही एमएला जाता. पदवीची वर्षं पाया घालायची. एक कणखर विषय, म्हणजे अर्थशास्त्र, इतिहास किंवा राज्यशास्त्र. एक परदेशी भाषा, तीही कामापुरती नाही तर वर्तमानपत्र वाचता येईल इतकी. आणि लिहिता येणं. या तीनपैकी भाषेकडं मुलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात आणि पुढं त्याचाच पस्तावा करतात.

खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक मी बाजूला टाकलं नाही. मुलीलाच सांगितलं, अभ्यासक्रम उघड आणि मोज: अर्थशास्त्राचे पेपर किती, संख्याशास्त्र आहे का, भाषा किती सत्रं सक्तीची आहे, शिष्यवृत्ती पहिल्या वर्षानंतर टिकवायला किती गुण लागतात. तिनं मोजलं. भाषा ऐच्छिक निघाली. चांगल्या खासगी विद्यापीठांत शिक्षक उत्तम असतात, वर्ग लहान असतात, आणि फी परवडत असेल तर मी आडवी येत नाही. इथं मात्र दुकानावर कर्ज काढावं लागणार होतं.

गणिताचा घोळ इथं पुढं आला. दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स अर्थशास्त्राला सीयूईटीत, म्हणजे विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, गणित लागतं. नीटसाठी गणित सोडणाऱ्या लातूरच्या पोरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथं ठळक सांगते: वैद्यकीयबद्दल मनात जराही शंका असेल तर अकरावीत गणित टाकू नका. तिच्यासाठी तो दरवाजा बंद होता. राज्यशास्त्र ऑनर्सला मात्र एक भाषा आणि तीन विषय असा मेळ चालतो आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र बसतात. म्हणजे नीटसाठी केलेला अभ्यास वाया गेला नाही, हे कळल्यावर घरातलं अर्धं भांडण मिटलं. सीयूईटीची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण पुढं वाचन इंग्रजीतच असल्यानं तिनं इंग्रजीच निवडली. ही जुळणी दरवर्षी त्या-त्या विद्यापीठाच्या पत्रकात पुन्हा तपासायची, हे वेगळं सांगायला नको.

यादीत दिल्लीचं राज्यशास्त्र वर, मग जेएनयूचं भाषेतलं बीए ऑनर्स, मग पुण्यात बीए आणि सोबत रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भाषेचा कोर्स. पुण्याचा पर्याय शेवटी होता तरी कमी नव्हता. तिथं शिकून जेएनयूला एमएला गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आईनं जर्मनीचा विषय काढला, कारण नात्यातलं कुणी तिकडं होतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते, हे खरं. पण राज्यशास्त्राची पदवी बहुतेक ठिकाणी जर्मनमधून, नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश नाही, आणि व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवायचे. एमएला बघू, म्हणून तो विषय तिथंच थांबला.

नोकरीबद्दल वडिलांना गोलगोल बोलणं नको होतं. सांगितलं, नुसत्या बीएवर थोडंच मिळतं, एमएनंतर चित्र बदलतं. संशोधन संस्था आहेत: दिल्लीत सप्रू हाउसमधली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स आणि मनोहर पर्रीकरांचं नाव दिलेली संरक्षण अभ्यास संस्था, मुंबईत गेटवे हाउस. मुंबईतल्या वकिलाती स्थानिक माणसं घेतात. निर्यात-आयात कंपन्या, पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था आहेत. आणि एक वाट जी लातुरात कुणालाच माहीत नसते: कर्मचारी निवड आयोगाची सीजीएल परीक्षा देऊन परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं, आणि त्यांच्याही नेमणुका परदेशातल्या दूतावासांत होतात. वडिलांनी हे वहीत लिहून घेतलं. यूपीएससी द्यायची तर द्यावी, वयाची अट एकविसाव्या वर्षी सुरू होते. पण घराचा हिशेब त्यावर मांडायचा नाही, हे दोघांनी माझ्यासमोर मान्य केलं.

भाषेवर मात्र माझं आणि तिचं जमलं नाही. मी फ्रेंच किंवा स्पॅनिश सुचवली, शिकवणारे जास्त आणि काम जास्त. ती म्हणाली, "मॅम, मोझांबिकची राजभाषा पोर्तुगीज. ब्राझीलचीही. आपल्याकडं तूर आणि सोयाबीनच तर आहे." जगात सगळ्यात जास्त सोयाबीन पिकवणारा देश ब्राझील, हे यार्डातल्या माणसाला सांगावं लागत नाही. वडिलांनी माझ्याकडं बघितलं आणि मी माघार घेतली. गोव्यात ही भाषा विद्यापीठात शिकवतात, दिल्ली विद्यापीठातही तिचे अर्धवेळ कोर्स चालतात.

तिला हवं होतं ते कॉलेज मिळालं नाही. दिल्ली विद्यापीठाच्याच, फारसं नाव नसलेल्या कॉलेजात राज्यशास्त्र ऑनर्स मिळालं. सर्वसाधारण ऐच्छिक विषय म्हणून ती अर्थशास्त्राचे पेपर घेते आणि संध्याकाळी पोर्तुगीजला जाते. खर्चाचा मोठा भाग फी नाही, खोलीभाडं आहे.

आता नवा प्रश्न आहे. तीन वर्षांवर थांबून दोन वर्षांचं एमए करायचं, की चौथं वर्ष पुरं करून एक वर्षाच्या एमएला जायचं? एक वर्षाचं एमए अजून सगळीकडं नाही; उलट परदेशातली काही विद्यापीठं चार वर्षांचीच पदवी मागतात. मी तिला सांगितलंय, ज्या तीन ठिकाणी एमए करावंसं वाटतं त्यांच्या प्रवेशाच्या अटी काढून पाठव, मग बोलू. दोन ठिकाणच्या आल्यात.