एकाच सॉकेटवर अनेक थ्रेड लिहितात तेव्हा सर्व्हरला भलतीच लांबी का मिळते?

तुमच्या जावा प्रोग्रॅममधले थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकाच सॉकेटवर, म्हणजे सर्व्हरशी जोडलेल्या कनेक्शनच्या टोकावर, आधी राईटइंटने निरोपाची लांबी लिहितात, मग राईटने जेसन (मजकूर रूपातला डेटा). सर्व्हरला मात्र मधूनच २०६५८५२७७२ अशी लांबी मिळते आणि मेमरी संपल्याची एरर येते. हा आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायात) मांडा: ७बी २२ ६९ ६४. आस्कीत (अक्षरांना आकडे देणाऱ्या कोडमध्ये) हे चार बाइट म्हणजे महिरपी कंस, दुहेरी अवतरण, आय आणि डी. सर्व्हर तुमच्या जेसनची सुरुवातच लांबी म्हणून वाचतोय.

हे असं होतं. 'अ' थ्रेडने लांबी ४० लिहिली. त्याचं जेसन जाण्याआधी 'ब'ने आपली लांबी ३६ आणि आपले ३६ बाइट घुसवले. सर्व्हरने ४० बाइट उचलले: 'ब'च्या लांबीचे ४ आणि मजकुराचे ३६. पुढची लांबी म्हणून 'अ'चं जेसन त्याच्या हाती लागलं. टीसीपी (सॉकेट ज्यावर चालतो ती नेटवर्कची पद्धत) हा बाइटचा सलग प्रवाह आहे, निरोप कुठे संपतो हे त्याला कळत नाही. डेटाआउटपुटस्ट्रीमचं (ज्या क्लासने तुम्ही लिहिता त्याचं) राईट सिंक्रोनाइज्ड, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं, असलं तरी हे कुलूप (लॉक) त्या एका कॉलपुरतंच असतं. जावा ८ मध्ये तर राईटइंटसुद्धा चार बाइट सुटे सुटे लिहितं.

म्हणून लांबी, मजकूर आणि फ्लश (साठलेले बाइट पुढे ढकलणं) हे तिन्ही एकाच सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये घ्या. लॉकसाठी एकच फायनल (नंतर न बदलणारा) ऑब्जेक्ट ठेवा. वाचणाऱ्या थ्रेडला हा लॉक देऊ नका: एकाने वाचणं आणि दुसऱ्याने लिहिणं एकाच वेळी बिनधास्त चालतं. वाचणारा थ्रेड मात्र एकच हवा, आणि त्याने रीडऐवजी रीडफुली (मागितलेले सगळे बाइट येईपर्यंत थांबणारं) वापरावं.

तरी मी नुसत्या लॉकवर थांबणार नाही. समोरच्याने वाचणं थांबवलं की बफर (बाइट तात्पुरते साठवण्याची जागा) भरतो, राईट अडकतं आणि लॉक हातात असल्याने बाकीचे सगळे थ्रेड खोळंबतात. सेटएसओटाइमआउट (सॉकेटला वेळमर्यादा लावणारं) इथे कामाचं नाही, ते फक्त वाचण्याला लागू होतं. त्यापेक्षा १००० जागांची अ‍ॅरेब्लॉकिंगक्यू (ठराविक जागांची रांग) घ्या. थ्रेडनी त्यात दोन सेकंदांच्या मुदतीने निरोप ऑफर करावा (टाकून पाहावा) आणि रांगेतून घेऊन सॉकेटवर लिहिणारा थ्रेड एकच ठेवावा. ऑफरने फॉल्स दिलं तर तो निरोप गेला नाही असं धरून तिथेच हाताळा.

उत्तरं जुळवायला प्रत्येक विनंतीला आयडी द्या आणि कंप्लीटेबलफ्युचर (नंतर येणाऱ्या उत्तरासाठी राखलेली जागा) त्या आयडीखाली कॉन्करंटहॅशमॅपमध्ये (अनेक थ्रेडना एकत्र वापरता येणाऱ्या यादीत) ठेवा. ही नोंद विनंती रांगेत टाकण्याआधी करा, नाहीतर उत्तर आधी पोचेल आणि त्याला घेणारा कुणी नसेल. कनेक्शन तुटलं की अडकलेली सगळी फ्युचर एक्सेप्शन (चूक झाल्याची खूण) देऊन मोकळी करा. हे हमखास राहून जातं.

रीडफुली चालू असताना टाइमआउट झाला तर अर्धवट वाचलेले बाइट गेले असं समजा. ते कनेक्शन बंद करून नवीन उघडा, पुन्हा वाचत बसू नका.

बंद करताना साध्या थ्रेडला इंटरप्ट केल्याने (थांबायची सूचना दिल्याने) अडकलेलं रीड सुटत नाही. दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेटवर क्लोज बोलवा, म्हणजे तिथे सॉकेटएक्सेप्शन येऊन तो बाहेर पडतो. आणि इजकनेक्टेडवर विसंबू नका, सॉकेट एकदा जोडला गेला की बंद केल्यावरही ते ट्रूच सांगतं.