नाटकातून कॅमेऱ्यासमोर जाताना

नाटकातून आलायस, त्यामुळे आवाजाची चिंता नको, तो तयार आहे. जपायचं ते डोळ्यांना. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला मान, खांदे, हात सगळं लागतं. क्लोजअपमध्ये नुसती पापणी लवली तरी पडदाभर दिसते.

आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधली हालचाल दुसऱ्या शॉटशी जुळणं! मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग लांबून टिपणाऱ्या शॉटमध्ये, कुठल्या शब्दावर कप उचललास, कुठल्या हाताने, हे पक्कं लक्षात ठेव. क्लोजअपला हात बदलला की संकलकाला ते दोन शॉट जोडता येत नाहीत, आणि तुझा सगळ्यात चांगला टेक वाया जातो. म्हणून पहिल्या टेकपासूनच हालचाली मोजक्या ठेव. शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही. शेवटचा प्रसंग पहिल्याच दिवशी येऊ शकतो. प्रत्येक प्रसंगाआधी पात्र कुठून आलंय, त्याला काय माहीत आहे, हे स्क्रिप्टच्या समासात लिहून ठेव. मी अजूनही लिहितो.

पैशाचं थोडक्यात सांगतो: करार वाचल्याशिवाय सही नको, आणि शूटिंगची एकच तारीख दोन निर्मात्यांना देऊ नकोस. बिनकामाचे महिने येणारच, नावाजलेल्या नटांनाही येतात. तेव्हाही नाटक सोडू नकोस. तालमीत एकच भूमिका कितीतरी दिवस घोळवायला मिळते. सेटवर तेवढा वेळ सहसा कुणी देत नाही.