‘एटी-सिक्स’ घ्यायचीय? आधी स्प्रिंगांचं विचारा

एकाच गाडीवर अख्खं सदर खर्च करायला मला आवडत नाही. पण दिवाळीनंतर आलेल्या पत्रांतली निम्मीअधिक टोयोटा-सुबारूच्या ‘एटी-सिक्स’ (८६) या बुटक्या, दोन दारी कूपेबद्दलच आहेत, आणि बहुतेकांत तीच ऐकीव माहिती फिरून फिरून येते. अमेरिकेत परवडणाऱ्या किमतीत मागच्या चाकांवर पळणारी, हलकी, हाताने गिअर टाकायची गाडी हवी असली की मुलं हिच्यापाशीच येऊन थांबतात, यात नवल नाही. जुन्या गाड्या घेण्याआधी तपासून देणं हा माझा न्यू जर्सीतला धंदा, त्यामुळे या गाड्या लिफ्टवर चढवून खालून बऱ्याच पाहिल्यात. एकदाच काय ते लिहून टाकते.

सायन एफआर-एस, टोयोटा ८६, सुबारू बीआरझेड, जीआर८६ यांतली चांगली कोणती? – शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

ही चार नावं एकाच गाडीची आहेत. चारही जपानात सुबारूच्या गुन्मा इथल्या कारखान्यात बनल्या. पहिली पिढी अमेरिकेत २०१३ च्या मॉडेलपासून २०२० पर्यंत: दोन लिटरचं इंजिन, २०० अश्वशक्ती (२०१७ पासून मॅन्युअलमध्ये २०५). सायन हा टोयोटाचा ब्रँडच २०१६ मध्ये बंद झाला, म्हणून २०१७ पासून तीच गाडी टोयोटा ८६ झाली. दुसरी पिढी (टोयोटाकडे तिचं नाव जीआर८६, सुबारूकडे बीआरझेडच) २०२२ च्या मॉडेलपासून: २.४ लिटर, २२८ अश्वशक्ती. मधलं २०२१ हे मॉडेल इथे आलंच नाही, कोणी ‘२०२१ ची आहे’ म्हणाला तर कागद मागा. वळणात टोयोटाचं शेपूट, म्हणजे मागची बाजू, जरा लवकर सुटतं, सुबारू थोडी शांत, एवढाच फरक आणि तोही ट्रॅकवर कळणारा. नावावरून निवडू नका, जिचे कागद पूर्ण ती घ्या.

(८६ हा आकडा १९८३ च्या एई८६ कोरोलाची आठवण म्हणून. पहिल्या पिढीच्या सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर. जपानी इंजिनिअरांना असले खेळ आवडतात.)

टायमिंग बेल्ट किती मैलांना बदलायचा? – ह्यूस्टन

बेल्ट नाहीच, साखळी आहे. ‘नुकताच बेल्ट बदललाय’ असं विकणारा सांगत असेल तर त्याचं बाकीचं बोलणंही त्याच तराजूत तोला.

रेग्युलर पेट्रोल चालेल ना? – अटलांटा

नाही. दोन्ही पिढ्यांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते प्रमाण, १२.५ ला १ आहे; इतक्या दाबाला प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं पेट्रोलच लागतं. प्रीमियम परवडत नसेल तर कोरोला बघा, ती वाईट गाडी नाही.

२०१३ ची एफआर-एस स्वस्तात मिळतेय. विकणारा म्हणतो रिकॉल झालाय, म्हणजे इंजिन जवळजवळ नवंच. मित्र म्हणतो रिकॉल झालेली गाडी अजिबात घेऊ नकोस. कोणाचं ऐकू? – एडिसन, न्यू जर्सी

दोघांचंही नको. (रिकॉल म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणं.) या प्रश्नासाठीच सदर लिहायला बसले आहे, तेव्हा जरा नीट वाचा.

सुरुवातीच्या, म्हणजे साधारण २०१३ च्या मॉडेलांच्या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या ज्या स्प्रिंगा आहेत, त्यांतल्या काहींच्या पोलादात दोष निघाला. अशी स्प्रिंग ताणाखाली तुटू शकते. तुटली तर इंजिन खडखडतं, मिसफायर होतं किंवा चालत्या गाडीत बंद पडतं. म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरात रिकॉल जाहीर झाला. इथपर्यंत मामला सरळ आहे.

खरी भानगड दुरुस्तीत आहे. हे बॉक्सर इंजिन. सिलिंडर उभे नाहीत, डावी-उजवीकडे आडवे पडलेत. त्यामुळे स्प्रिंगा जिथे असतात ती सिलिंडर हेड थेट चॅसीच्या कडांना भिडलेली असतात, आणि चार आण्याच्या स्प्रिंगेसाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. पुढचं मोठं कव्हर उघडायचं, स्प्रिंगा बदलायच्या, मग कव्हर पुन्हा सीलंट लावून बसवायचं. हे सीलंट म्हणजे ट्यूबमधून पिळायची पेस्ट. बारीक, एकसारखी रेघ ओढली तर उत्तम. कारागिराने घाईत जाड थर थापला तर कव्हर आवळताना जादा पेस्ट आतल्या बाजूला फुगते, वाळते, तिचे तुकडे सुटतात आणि ऑइलबरोबर फिरायला लागतात. एखादा तुकडा ऑइल ओढणाऱ्या जाळीवर किंवा अरुंद वाटेत बसला की पुढच्या बेअरिंगांना ऑइल मिळत नाही. रिकॉलनंतर काहीशे मैलांतच इंजिनं गेल्याच्या तक्रारी मालकांनी केल्या, प्रकरण कोर्टातही गेलं.

म्हणजे मित्राची भीती हवेतली नाही. पण ‘रिकॉल करूच नका’ हा त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. दोषी स्प्रिंग तशीच ठेवून गाडी टर्नपाइकवर ट्रकांच्या मधून पळवायची, हा शहाणपणा कसला? आणि विकणाऱ्याचं ‘इंजिन नवंच’ तर निव्वळ थाप. नव्या झाल्या त्या स्प्रिंगा.

तुम्ही करायचं ते असं. गाडीचा व्हिन, म्हणजे १७ अक्षरी ओळख क्रमांक, घ्या आणि सरकारी रस्ते-सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, संकेतस्थळावर टाका. फुकट आहे, मिनिटभराचं काम. तिथे फक्त काम राहिलेले रिकॉल दिसतात. सगळ्याच २०१३ च्या गाड्या या रिकॉलमध्ये नाहीत, त्यामुळे काही दिसलं नाही तर तुमची गाडी त्यात होती का, हे डीलरला विचारा. होती आणि काम झालेलं असेल, तर अधिकृत डीलरकडची नोंद मागा: काम कोणत्या तारखेला झालं आणि तेव्हा ओडोमीटरवर किती मैल होते. त्यानंतर गाडी दहा-पंधरा हजार मैल विनातक्रार धावली असेल तर माझी काळजी बरीचशी उतरते. पण काम गेल्याच महिन्यात झालंय आणि लगेच गाडी विकायला काढलीय, तर मी विचारेन: का बरं? मागच्याच वर्षी एक विद्यार्थी अशी गाडी माझ्याकडे घेऊन आला. ‘सगळं झालंय’ असं त्याला तोंडी सांगितलं होतं. व्हिन टाकला तर रिकॉल उघडाच, म्हणजे काम राहिलेलंच. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘मला वाटलं झालाय.’ वाटण्यावर हजारो डॉलर मोजू नका.

काम राहिलेलं असेल तर ते फुकट करून मिळतं, पण करायचं कुठे हे महत्त्वाचं. सर्व्हिस मॅनेजरला तोंडावर विचारा: तुमच्या कारागिराने ही कामं किती केलीत? आणि पैसे मोजण्याआधी बॉक्सर इंजिनांची सवय असलेल्या स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या. मी लांबून तुमच्या गाडीबद्दल हो किंवा नाही म्हणणार नाही. लांबून म्हणणाऱ्यांवर विश्वासही ठेवू नका.

मग सरळ जीआर८६ घ्यावी, म्हणजे ही सीलंटची कटकट नाही. बरोबर? – इर्विंग, टेक्सस

पूर्ण बरोबर नाही. ऑइल पॅन (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडल्यावर आत सीलंटचे तुकडे दिसल्याची छायाचित्रं दुसऱ्या पिढीच्या मालकांनीही टाकली आहेत. शिवाय ट्रॅकवर लांबलचक उजव्या वळणात ऑइलचा दाब पडतो, ही तक्रार वेगळी. रोज ऑफिसला जाणाऱ्याने त्यासाठी झोप घालवायचं कारण नाही. मात्र ‘आजच पॅन काढून साफ करून देतो’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला विचारा, पॅन परत बसवताना काय लावणार? सीलंटच! आधी वॉरंटी किती उरली ते बघा. इंजिन-गिअरबॉक्सची मूळ वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल असते. ती शिल्लक असताना आपल्या हाताने काही उघडू नका, डीलरशी बोला.

बाकी दुसरी पिढी सगळ्याच बाबतीत पुढे आहे. पहिलीत साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या मध्ये ओढ एकदम मंदावते, हायवेवर गाडी घुसवताना नेमकी तिथेच. नवीत तो खड्डा भरलाय. खिसा तितका सैल नसेल तर माझी पसंती २०१७ ते २०२० ची मॅन्युअल: २०५ अश्वशक्ती, मागच्या चाकांकडचा (डिफरेन्शियलचा) गिअर रेशो आखूड केलेला, आणि त्या स्प्रिंगांचं लचांड नाही.

टर्बो बसवलेली २०१५ ची बीआरझेड मिळतेय. मालकाने टर्बोवर बराच खर्च केलाय, तो आपल्याला फुकटच पडतो ना? – सॅन होजे

फुकट पडत नाही, अंगावर पडतो. टर्बोशिवाय चालावं म्हणून बांधलेल्या, १२.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनात कोणी किती हवा कोंबली आणि संगणकात काय आकडे भरले, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यात तुम्ही कॅलिफोर्नियात. या इंजिनात धूर साफ करणारा पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडरमध्येच, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांतच असतो, हौशी लोक हेडर बदलतात आणि स्मॉग तपासणीत गाडी नापास होते. मालकाकडून थेट घेताना स्मॉग प्रमाणपत्र देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. ‘तुम्हीच करून घ्या, दोनशे डॉलर कमी करतो’ म्हणाला तर नमस्कार करून निघा. मूळ भाग एकही न बदललेली गाडी शोधा. वेळ लागेल, लागू द्या.

गाडी थांबली असताना बॉनेटखालून किरकिर आवाज येतो. इंजिन गेलं का? – सिअ‍ॅटल

बहुधा नाही. पहिल्या पिढीत इंजेक्शनचा उच्च दाबाचा इंधनपंप रातकिड्यासारखा किरकिरतो, इथले मालकही त्याला ‘क्रिकेट्स’च म्हणतात. पण क्लचवर हलका पाय ठेवून बघा. आवाज थांबला किंवा बदलला तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर, आणि ते काम स्वस्त नाही. एकदा दाखवून घ्या.

ऑइल बदलायला तीनेक हजार मैल उशीर झाला. गेले दोन महिने वेग वाढवताना आतून टकटक येते. ॲव्हरेज ठीक आहे. पुढच्या पगारानंतर दाखवलं तर चालेल का? – कोलंबस, ओहायो

दोन महिने! हे वाचल्या क्षणापासून गाडी सुरू करू नका. गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टो करून न्या. ॲव्हरेजचा इथे काहीही संबंध नाही. ती टकटक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असेल तर प्रत्येक मैलाला खर्च वाढतोय. कदाचित उशीर झालाही असेल. गाडीत ०डब्ल्यू-२० ऑइल लागतं, आणि डिपस्टिक काढून बघायला एक पैसा पडत नाही, हे पुढच्या गाडीसाठी लक्षात ठेवा.

डीलरने ‘सर्टिफाइड’ म्हणून दाखवली, इतिहास अहवालही स्वच्छ आहे. हप्ता आवाक्यात बसतो. तरी तपासणीचा खर्च करावा? – प्लेनो, टेक्सस

करावा. इतिहास अहवालात फक्त जे कोणी नोंदवलं तेच येतं. गल्लीतल्या गॅरेजात रोख पैसे देऊन ठोकाठोकी केलेला अपघात त्यात दिसत नाही. ‘सर्टिफाइड’ कोणी केलं तेही विचारा. कंपनीने केलं तर वॉरंटीचा कागद असतो, दुकानदाराने स्वतःच केलं तर तो नुसता स्टिकर. आणि हप्त्याच्या भाषेत बोलणं बंद करा. एकूण रक्कम किती, व्याज किती, ते लिहून मागा. त्या यादीत टायरमधला नायट्रोजन, रंगावरचा लेप, काचेवर कोरलेला व्हिन असलं काही दिसलं तर खोडायला लावा. नायट्रोजनचे पैसे देणारे लोक भेटतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, आपल्या आजूबाजूच्या हवेत तो ७८ टक्के फुकट आहे. बाहेरच्या मेकॅनिकला गाडी दाखवायला डीलर नाही म्हणाला, तर तुमची तपासणी तिथेच पूर्ण झाली.

मिनियापोलिसमध्ये हिवाळ्यात चालेल का?

हिवाळी टायर घातले तर चालेल. दुसऱ्या पिढीच्या वरच्या मॉडेलवरचे उन्हाळी टायर सात अंश सेल्सिअसखाली कडक होतात, त्यांवर बर्फात जाऊ नका. घेताना मात्र खालून मिठाचा गंज बघा, तुमच्याकडच्या गाड्यांत तो मुरलेला असतो.

दीड वर्षाच्या मुलीची सीट मागे बसेल का? – फ्रीमाँट

अँकर आहेत, सीट बसेलही. मग पुढे तुमचे यजमान बसणार नाहीत. चार दारी घ्या.

परत येताना ही गाडी पुण्याला आणता येईल का?

नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. अमेरिकेतली तुमची गाडी पहिल्याच अटीत बसत नाही. कस्टम एजंट ‘बघतो’ म्हणत असेल तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

मुलगा मिशिगनला एमएस करतो, वय तेवीस. दोन दारांची कसली तरी स्पोर्ट गाडी घेतोय, ऐकत नाही. तुम्ही सांगा त्याला. – कोल्हापूर

काकू, गाडी वाईट नाही आणि तेवीसाव्या वर्षी मुलं ऐकत नाहीत. त्याला एकच करायला सांगा. पसंत पडलेल्या गाडीचा व्हिन देऊन विम्याचा दर आधी काढ, मग गाडीचे पैसे भर. पंचविशीच्या आतल्या मुलाला, इथे नवा परवाना असताना, स्पोर्ट कूपेचा विमा किती पडतो हे कळलं की निम्मी मुलं आपणहून सिव्हिककडे वळतात. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘सॅल्व्हेज’ (मोडीत निघालेली) किंवा ‘रिबिल्ट’ (त्यातून पुन्हा बांधलेली) शिक्का असेल तर कितीही स्वस्त असो, नको म्हणा. अशा गाडीला पूर्ण विमा द्यायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात. एवढं करूनही त्याला तीच घ्यायची असेल तर तपासणीचा अहवाल मला पाठवायला सांगा. वाचून फोन करीन, त्याला आणि तुम्हालाही.