आधी माप, मग माल

बाळा,

फोटो पोचला. जेवणाच्या टेबलावर दोन कंपन्यांचे पाच डबे, पेस्टच्या दोन ट्यूब, पावडरची बाटली, आणि खाली तुझा प्रश्न: "यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?" आईच्या ऑपरेशनला सोळा दिवस झालेत आणि पोटावरची संडासाची पिशवी तू स्वतःच्या हातांनी बदलतेस, त्यामुळे धीराच्या चार गोष्टी सांगत बसत नाही. पण तीन महिन्यांचा माल एकदम मागवलास, आणि स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड, किती मिलिमीटरचा आहे असं विचारलं तर "मध्यम" म्हणालीस, तिथे माझा पारा चढला. मध्यम हे शर्टाचं माप झालं.

आधी माप, मग माल. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

आईची लूप इलिओस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं वेटोळं पोटावर आणून उघडलेलं. असा स्टोमा सहसा गोल नसतो, लंबगोल असतो. डब्यातल्या मापाच्या कार्डाला मात्र गोल भोकं असतात. त्यातलं एखादं "बसलं" म्हणून तू खूश होशील आणि दोन बाजूंना कातडी उघडी राहील. म्हणून दोन आकडे घे, लांबी आणि रुंदी, आणि तेही बुडाशी, जिथे स्टोमा कातडीला मिळतो तिथे. वरून तो अळंबीसारखा पसरलेला असेल तर वरचं माप फसवतं. याहून सोपा उपाय म्हणजे फ्लँजच्या, म्हणजे कातडीला चिकटणाऱ्या चकतीच्या, पाठीची पारदर्शक फिल्म. ती फेकू नकोस. स्टोमावर अलगद धर, मार्करने कड काढून घे, कापून साचा कर, धुऊन ठेव. साच्यावर तारीख लिही आणि "वर" कुठली बाजू तेही लिही. फ्लँज आपण पाठीमागून कापतो, त्यामुळे साचा उलटा ठेवायचा असतो. ते विसरलीस तर तिरपा लंबगोल बरोबर आरशातल्यासारखा भलतीकडे झुकतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

भोक स्टोमापेक्षा चहूबाजूंनी साधारण २ मिमी मोठं हवं, ३ च्या वर नको. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ संडासात पाचक रस असतात. उघड्या कातडीला ते अन्नच समजतात आणि काही तासांत ती लालभडक करतात. उलट भोक घट्ट झालं तर कड स्टोमाला घासते, त्याला सूज येते, कधी कापतं. आणि स्टोमाला दुखत नाही, तिथे वेदना सांगणाऱ्या नसा नाहीत, त्यामुळे आई "आई गं" म्हणणार नाही. तुला रक्त दिसेल तेव्हाच कळेल. (पुसताना गॉजवर एखादा थेंब दिसणं वेगळं, त्याला घाबरू नकोस.)

आता तुझ्या तीन महिन्यांच्या मालाकडे येऊ. ऑपरेशननंतरची सूज ६ ते ८ आठवडे उतरत राहते. आज जो स्टोमा ४० मिमी आहे तो महिन्याभराने ३२ असू शकतो. पहिले दोन महिने दर आठवड्याला नवा साचा काढायचा, आणि या काळात आयत्या भोकाचा एकही डबा घ्यायचा नाही. कापून घ्यायचीच फ्लँज आण. शिवाय अशी इलिओस्टॉमी बहुतेक वेळा तात्पुरती असते, काही महिन्यांनी, केमो असेल तर ती संपल्यावर, परत आत घेतात. मग उरलेले डबे कपाटात राहतात आणि त्यांची मुदत संपते. आधी माप, मग माल. मालाआधी डॉक्टरांना हेही विचार की ही किती महिने राहणार आहे.

फोटोतल्या फ्लँजवर ५७ लिहिलंय आणि पिशव्यांवर ४५. हे आकडे स्टोमाचे नाहीत गं! ते रिंगचे आहेत, फ्लँज आणि पिशवी जिथे एकमेकांत टक्कन बसतात त्या कड्याचे. ५७ च्या फ्लँजवर ५७ चीच पिशवी बसते, आणि तीही त्याच कंपनीच्या त्याच मालिकेची. दुसऱ्या कंपनीची ५७ ची पिशवी लागल्यासारखी वाटेल आणि आई कुशीवर वळली की सुटेल. दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो: भोक जास्तीत जास्त किती कापता येतं. ५७ च्या रिंगमध्ये ही मर्यादा साधारण ४४-४५ मिमी असते, ४४-४५ च्या रिंगमध्ये ३२ च्या आसपास. म्हणजे स्टोमा खरंच ४० चा निघाला तर ४५ ची रिंग कामाचीच नाही, कितीही स्वस्त मिळो. एका प्रसिद्ध कंपनीने रिंगच्या मापांना रंग दिलेत, ४४ हिरवा, ५७ लाल, ७० निळा. पण रंग पाहून खरेदी करू नकोस. डब्यावरचा कोड नंबर वहीत उतरव आणि दुकानात तोच सांग.

रुंदीनंतर उंची. स्टोमा कातडीच्या वर दोनेक सेंटिमीटर आला असेल तर सपाट फ्लँज चालते. कातडीच्या बरोबरीने बसला असेल किंवा आत ओढला गेला असेल तर घाण पिशवीत न पडता फ्लँजखाली शिरते. अशा वेळी फुगीर, म्हणजे कॉन्व्हेक्स फ्लँज लागते. ती मात्र मनाने आणू नकोस. तिचा दाब पडतो, चुकीच्या पोटावर ती जखम करते, स्टोमा नर्सने पोट पाहूनच ती ठरवायची असते. तू एवढं कर: आईला झोपवून, बसवून, उभं करून आणि थोडं वाकवून चारदा पोट पाहा. झोपलेलं पोट सगळ्यांचं सपाट असतं. बसल्यावर घडी कुठे पडते, टाक्यांची रेघ कुठे येते, परकराची नाडी नेमकी कुठून जाते, हे बसल्यावरच दिसतं. माप म्हणजे फक्त पट्टी नव्हे, घडीही मापातच येते.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. काढलेली फ्लँज कचऱ्यात टाकण्याआधी उलटी करून पाहा. भोकाभोवतीचा मळखाऊ रंगाचा थर सगळीकडे सारखा एखाददोन मिमी पांढुरका, फुगलेला दिसतोय? उत्तम, त्याच अंतराने बदलत राहा. एकाच बाजूला, समज घड्याळातल्या ६ च्या दिशेला, थर वितळून नाहीसा झालाय आणि घाणीची वाट कडेपर्यंत गेलीय? मग गळतीची जागा तीच, बहुधा बसल्यावर घडी पडते तीच. तिथे पेस्टची पट्टी किंवा कातडीला चिकटणाऱ्या मऊ रिंगचा (वरच्या कड्याची रिंग नव्हे) तुकडा हवा, सगळीकडे नको. चारी बाजूंनी थर खाल्ला गेलाय? भोक मोठं झालंय किंवा फ्लँज फार दिवस ठेवलीस. थर कोरडा, जसाच्या तसा, आणि तरी सुटून आला? मग कातडीवर काहीतरी होतं. तेल असणार. आपल्याकडे कातडी लाल झाली की पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. तिथे तेल नको, क्रीमचा साबण नको, बाळाचे ओले वाइप्स नकोत, डेटॉल-सॅव्हलॉन तर मुळीच नको. साधं कोमट पाणी आणि गॉज.

हा थर हायड्रोकोलॉइडचा असतो: जिलेटिन, पेक्टिन, सेल्युलोजचं एक रूप, असं मिश्रण. ओल शोषून तो चिकटतो आणि जास्त ओल झाली की विरघळतो. गंमत म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी आपल्याकडचा डिंक आहे. क्लीव्हलँडचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात स्टोमाभोवतीच्या कातडीसाठी कराया गम वापरायला सुरुवात केली. कराया म्हणजे कांडोळाचा डिंक, सातपुड्याच्या डोंगरातल्या त्या पांढऱ्याफटक खोडाच्या झाडाचा. असो. कामाची गोष्ट ही की पातळ संडासासाठी लवकर न विरघळणारा थर लागतो, डब्यावर "एक्स्टेंडेड वेअर" लिहिलेलं असतं. आईला तोच घे. घट्ट संडासाच्या कोलोस्टॉमीला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या स्टोमाला, साधा थर पुरतो.

पिशवी खालून उघडणारी हवी, बंद तोंडाची आईच्या कामाची नाही. दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करावी लागेल, एक तृतीयांश ते अर्धी भरली की लगेच, नाहीतर वजनाने फ्लँज ओढली जाते. तोंडाला घडी घालून दाबायची पट्टी असलेली पिशवी आईला स्वतः हाताळता येईल. क्लॅम्पची घेतलीस तर क्लॅम्प जपून ठेव. डब्यात ते मोजकेच येतात आणि जुन्या पिशवीबरोबर हमखास कचऱ्यात जातात. एकपदरी की दोनपदरी, म्हणजे फ्लँज-पिशवी एकसंध की वेगवेगळी, यावर लोक भांडतात. एकपदरी मऊ आणि सपाट बसते, पण प्रत्येक वेळी कातडीवरून निघते. दोनपदरीत फ्लँज राहते, पिशवी बदलते. सध्या दोनपदरी ठेव. पिशवी धुऊन पुन्हा वापरणारे खूप आहेत. कंपन्या एकदाच वापरा असं छापतात, खर्चापायी लोक धुतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. फ्लँज मात्र पुन्हा चिकटवायची नाही म्हणजे नाही. आणि धुतल्यावर पिशवीचा वास शोषणारा कोळशाचा फिल्टर गेलाच असं समज.

पेस्ट म्हणजे गोंद नव्हे, खड्डा बुजवायची पुट्टी. बहुतेक पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, सोललेल्या कातडीवर आग होते. तू दोन ट्यूब आणल्यास, एक सहा आठवडे पुरेल. पावडर फक्त ओलसर, सोललेल्या जागी, आणि जास्तीची झटकून. कोरड्या कातडीवर टाकलीस तर फ्लँज पावडरीलाच चिकटेल. बेल्ट घेण्याआधी फ्लँजला किंवा पिशवीला कान आहेत का ते बघ. बेल्ट स्टोमाच्या पातळीत राहतो, कमरेच्या नाही.

आता हिशेब. फ्लँज तीन-चार दिवस टिकली तर महिन्याला आठ ते दहा लागतात, बहुतेक डब्यांत पाच येतात, म्हणजे दोन डबे. पिशव्या दहाच्या डब्यात, एक ते दीड डबा. यावर एक आठवड्याचा जादा साठा, बस. भाव नगाचा बघू नकोस, दिवसाचा काढ. समज एक फ्लँज ३०० ची आणि दोन दिवस टिकते, दुसरी ४८० ची आणि चार दिवस. पहिली दिवसाला १५० ला पडली, दुसरी १२० ला, वर चादरी धुणं वाचलं. पण पहिली दोनच दिवस का टिकली, हे आधी तपास. भोक चुकलं असेल तर ४८० वालीही दोनच दिवस टिकेल.

सुटा नग देणारा सर्जिकलवाला शोध, कंपन्यांकडून नमुने माग. मुंबईत असशील तर ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाकडे चौकशी कर, परळला टाटा हॉस्पिटलच्या स्टोमा क्लिनिकमध्ये या कामात मुरलेल्या नर्स आहेत. जिथे ऑपरेशन झालं तिथली स्टोमा नर्स मात्र सगळ्यात आधी. घेताना मुदतीची तारीख पाहा आणि डबा कपाटात ठेव. स्कूटरच्या डिकीत, गॅसजवळ, खिडकीत नको, विदर्भातल्या मे महिन्यात तर नकोच. थर मऊ होऊन कडेने वाहतो. फ्रिजमध्येही नको.

तुला वाटेल, मावशी एक नाव सांगून मोकळी का होत नाही. सांगता येतं. सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी सांगितलेले अर्धे उघडलेले डबे घरोघरी पडून आहेत. डिस्चार्जच्या दिवशी औषधांची यादी, बिल, गाडीची घाई यांत आम्ही नर्सेस पिशवीचं अर्ध्या तासात उरकतो आणि माप शिकवायचं राहून जातं. चूक आमची आहे, तुझी नाही. म्हणूनच आता हेका धरून बसले आहे. हट्टी म्हण, चालेल.

तर बंद डबे उद्याच परत कर, घेतायत का बघ. उघडलेली ५७ ची फ्लँज वापर, पण साचा काढून आणि तिच्याच मालिकेची ५७ ची पिशवी लावून. सकाळी, चहासुद्धा घेण्याआधी, स्टोमा शांत असतो, तेव्हा बदल. वरून खाली, एका हाताने कातडी दाबत काढ. नवी फ्लँज कापल्यावर भोकाची कड बोटाने गुळगुळीत कर, मिनिटभर तळहातांत गरम कर, लावल्यावर आणखी मिनिटभर हाताची ऊब दे. स्टोमा काळपट दिसला, पोटात कळा येऊन पिशवी रिकामीच राहिली, किंवा दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं, तर मला लिहीत बसू नकोस, दवाखाना गाठ.

एरवी मला दोनच गोष्टी पाठव: तारीख घातलेला साचा पट्टीशेजारी ठेवून, आणि काढलेल्या फ्लँजची पाठ, "वर" कुठे ते लिहून. डब्यांचे फोटो नकोत.

तुझी,
सिस्टर मावशी