अ‍ॅलेक्स जोन्सला नुसती मतं मांडली म्हणून एवढा दंड झाला का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतला हा अ‍ॅलेक्स जोन्स नेमका कोण, आणि सरकारविरुद्ध बोलल्याबद्दल कुणाला जवळपास दीड अब्ज डॉलरचा दंड कसा होऊ शकतो. आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देते, कारण गफलत तिथेच आहे. मुळात हा दंड नाही आणि सरकारविरुद्ध बोलल्याबद्दल तर मुळीच नाही. ज्यांची सहा-सात वर्षांची लेकरं शाळेत गोळ्या घालून मारली गेली, त्या आईबापांना हा माणूस वर्षानुवर्षं खोटारडे ठरवत राहिला. त्यांनी अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि ज्यूरीने त्यांना भरपाई मंजूर केली. सरकार यात फिर्यादी नव्हतंच.

मी २००६ पासून ऑस्टिनला राहते, आणि जोन्स आमच्या गावचाच. जन्म डॅलसचा, १९७४चा, पण शाळेत असतानाच घर ऑस्टिनला आलं. कॉलेज अर्धवट सोडलं. इथल्या केबलवर सामान्य नागरिकांना स्वतःचे कार्यक्रम करू देणारी एक वाहिनी होती, तिथे तो नव्वदच्या दशकात बोलायला लागला. १९९६ला रेडिओवर गेला. तो काळही लक्षात घ्या. १९९३ला टेक्ससमधल्याच वेकोजवळ एका धर्मपंथाच्या वस्तीला सरकारी वेढा पडला आणि शेवटी लागलेल्या आगीत सत्तरहून जास्त माणसं गेली, लहान मुलंसुद्धा. सरकारबद्दलची चीड खरी होती, ती जोन्सने निर्माण केली नव्हती. त्या पंथाचं जळालेलं चर्च पुन्हा बांधायला त्याने रेडिओवरून लोकांना हाक दिली आणि लोक आले. हा भाग वगळून त्याला नुसता वेडा म्हटलं तर पुढचं काहीच कळत नाही.

१९९९ला इथल्या एका साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला शहरातल्या सर्वोत्तम रेडिओ निवेदकांत निवडलं, आणि त्याच वर्षी स्टेशनने त्याला काढलं. मग घरातूनच इंटरनेटवर प्रसारण आणि ‘इन्फोवॉर्स’ ही वेबसाइट. ११ सप्टेंबर २००१चा हल्ला सरकारनेच घडवला असं तो म्हणायला लागल्यावर अनेक रेडिओ स्टेशनांनी त्याचा कार्यक्रम बंद केला. इंटरनेटवर मात्र ऐकणारे वाढतच गेले. डिसेंबर २०१५मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार असलेले ट्रम्प त्याच्या कार्यक्रमात मुलाखतीला आले, यावरून त्याचं वजन किती वाढलं होतं ते समजा.

त्याचे ऐकणारे कोण होते, हे मला शेजारच्या आजोबांमुळे कळलं. निवृत्त इलेक्ट्रिशियन, बायको वारलेली, मुलगी दूर. माझ्या मुलीला सायकल त्यांनी शिकवली, सीट धरून मागे धावत. त्यांच्या गॅरेजमध्ये दिवसभर जोन्स चालू असायचा. भिंतीला लागून झाकणाच्या प्लास्टिकच्या बादल्या रचलेल्या, आत संकटकाळासाठी टिकणारं कोरडं अन्न. खिडकीत आयोडीनच्या ड्रॉपरवाल्या बाटल्यांची रांग. जोन्स कार्यक्रमात सांगायचा की पाण्यात विष आहे, मोठं संकट येतंय, आणि पुढच्याच वाक्याला आपल्या दुकानातला पाण्याचा फिल्टर, गोळ्या, थेंब विकायचा. मी एकदा थकल्यासारखी दिसले म्हणून आजोबांनी त्यातली एक बाटली माझ्या हातात ठेवली. पेन्शनच्या पैशातून घेतलेली. त्यांना माझी काळजीच होती, त्यात काही खोट नव्हती.

हा सगळा धंदा किती मोठा होता ते पुढे कोर्टात आलं. २०१८मध्ये काही दिवशी तर एका दिवसाची विक्री आठ लाख डॉलरपर्यंत गेली होती. जोन्स आणि त्याच्या कंपनीची किंमत १३.५ ते २७ कोटी डॉलर असावी, अशी साक्ष एका अर्थतज्ज्ञाने दिली. भीती घाला, ग्राहक थांबेल, माल विका. मला विचाराल तर त्याला राजकीय भाष्यकार म्हणण्याआधी दुकानदार म्हणायला हवं.

१४ डिसेंबर २०१२ला कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउनमध्ये सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणाने २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती, पुढचे दोन दात पडलेले. दुसऱ्या सोमवारी तिला शाळेच्या दारात सोडताना हात सुटेना. आणि जोन्स सांगत होता की हे सगळं बनाव आहे, बंदुका काढून घेण्यासाठी रचलेलं नाटक आहे, रडणारे आईबाप भाड्याचे नट आहेत. हे एकदा चुकून तोंडातून गेलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं चाललं.

काही महिन्यांनी टपालपेटीपाशी आजोबा भेटले. हातात विजेचं बिल. म्हणाले, ‘तो बाप कॅमेऱ्यासमोर यायच्या आधी हसत होता, पाहिलंस का?’ शेजारीच माझी मुलगी उभी होती, तिच्या सायकलीची चेन त्यांनीच सकाळी बसवून दिली होती. मला काही बोलताच आलं नाही. घरी येऊन मी रडले. वाईट माणसाने हे म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं.

तिकडे न्यूटाउनच्या कुटुंबांना फोन येत होते, पत्रं येत होती. मुलाची कबर उकरून बघू अशा धमक्या आल्याचं एका वडिलांनी कोर्टात सांगितलं. काहींनी पुन्हापुन्हा घरं बदलली. एका वडिलांना ठार मारायच्या धमक्या देणाऱ्या फ्लोरिडातल्या बाईला २०१७मध्ये तुरुंगवास झाला. म्हणजे ‘मत’ इतकं लांब गेलं होतं.

त्याच वर्षी जोन्सच्या स्वतःच्या मुलांच्या ताब्याचा खटला ऑस्टिनला चालला. तिथे त्याच्याच वकिलांचं म्हणणं होतं की कार्यक्रमातला जोन्स हे एक पात्र आहे, तो ते रंगवतो. बाहेर मात्र जोन्स सांगत राहिला की मी मनापासूनच बोलतो. आजोबांच्या बादल्या पात्राने विकल्या की माणसाने, कुणास ठाऊक.

ऑगस्ट २०१८मध्ये अ‍ॅपल, फेसबुक, यूट्यूब यांनी त्याला काढलं, महिन्याभरात ट्विटरनेही. (मस्क यांनी डिसेंबर २०२३मध्ये तिथे परत घेतलं.) त्यावर वाद जरूर घाला, मलाही खाजगी कंपन्यांच्या हातात एवढी सत्ता असलेली रुचत नाही. पण तो मुद्दा वेगळा आणि खटले वेगळे.

खटल्यांत समोरच्या बाजूने मागितलेले कागद जोन्सने नीट दिलेच नाहीत. म्हणून २०२१मध्ये टेक्सस आणि कनेटिकट, दोन्हीकडच्या न्यायाधीशांनी त्याला आपोआप जबाबदार धरलं. ज्यूरीपुढे फक्त भरपाई किती, एवढंच राहिलं. ऑगस्ट २०२२मध्ये ऑस्टिनच्या ज्यूरीने एका मुलाच्या आईबापांना मिळून ४.९३ कोटी डॉलर दिले. ऑक्टोबरमध्ये कनेटिकटच्या ज्यूरीने ९६.५ कोटी, आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या न्यायाधीशांनी वर ४७.३ कोटी. अपिलात त्यातले १५ कोटी कमी झाले. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपील ऐकायला नकार दिला. रक्कम अवाढव्य आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ते मी समजू शकते. पण मधल्या काळात त्याने दिवाळखोरी जाहीर केली आणि तरी माइकसमोरून हलला नाही. कुटुंबं निकाल हातात घेऊन वर्षानुवर्षं वसुलीच्या मागे आहेत.

ऑस्टिनचा खटला कॅमेऱ्यासमोर चालला. सँडी हूकबद्दल माझ्या फोनमध्ये एकही मेसेज सापडला नाही असं त्याने शपथेवर सांगितलं होतं, आणि त्याच्याच वकिलांनी चुकून त्या फोनची अख्खी प्रत समोरच्या वकिलांकडे पाठवली होती. तो प्रसंग सगळ्यांनी पाहिला. गोळीबार शंभर टक्के खरा होता, हेही त्याने तिथे कबूल केलं. पण तुम्हाला वेळ असेल तर त्याच्या आदल्या दिवशीची, त्या मुलाच्या आईची साक्ष बघा. ती वळून थेट त्याच्याशी बोलली. तिला त्याला एवढंच पटवायचं होतं की मी खरी आई आहे आणि माझा मुलगा खरा होता.

मी ती साक्ष स्वयंपाकघरात उभी राहून पाहिली. आजोबा तोवर वारले होते. मुलगी कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. त्या महिन्यात ती अकरावीत जाणार होती, आणि सँडी हूकमधला तो मुलगाही पहिलीतच होता.