दारावरचा पडदा आणि डोक्यावरचा

बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला, मोबाईलवर एवढं लिहिणं होईना म्हणून आज निवांत बसून लिहितेय. पुण्यात रूम बघितलीस, डिपॉझिट ठरलं, आडनाव सांगितल्यावर बाई म्हणाल्या घरी विचारून कळवते आणि मग फोनच उचलेनात. इकडं सुट्टीला आलीस की चाचा म्हणतात डोकं उघडं, हेच शिकलीस का. मग माझं घर कुठलं मॅडम, असं विचारलंस.

हा प्रश्न जून २०२३ मध्ये मला पण पडला होता. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरनं इथं कोल्हापुरात दगडफेक झाली, नेट बंद केलं, आणि जन्म गेला त्या गावात मी खिडक्या लावून बसले. संध्याकाळी शेजारच्या काकू दुधाची पिशवी घेऊन आल्या, काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या माझ्याजवळ तासभर. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, स्वतः अध्यक्ष झाले, त्याच दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहून माझे अब्बा शिकले म्हणून मी मास्तरीण झाले. त्यामुळं कोल्हापूर माझं घर आहे ही कुणाची मेहरबानी नाही, आणि कुणा मालकिणीनं फोन उचलला नाही म्हणून ते कमी होत नाही. पण लागतं मनाला, ते मला कळतंय.

आता डोक्यावरचं. आमच्या अम्मीनं जन्मात बुरखा घातला नाही, लुगड्याचा पदर डोक्यावर, शेजारच्या बायकांसारखाच. म्हणून मला तरुणपणी वाटायचं बुरखा म्हणजे मागासपणा, आणि त्या तोऱ्यात माझ्या हातनं एक चूक झाली. नववीतली एक मुलगी बुरख्यात शाळेत यायची, मी सगळ्यांसमोर म्हणाले हे काढ आणि मगच वर्गात बस. दुसऱ्या दिवसापासनं ती येईना. दहा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. दाराला गोणपाटाचा पडदा, तो बाजूला करून तिची नानी म्हणाली, चुलत्याची अटच होती, बुरखा घातला तर शाळा, तुम्ही काढायला लावला तर आता शाळा पण नाही. मला उभं राहवेना. मग आम्ही स्टाफरूममध्ये कपाटामागं एक खिळा ठोकला, ती रोज सकाळी तिथं बुरखा अडकवायची, गळ्याजवळ एक सेफ्टी पिन, खाली कडेला रस्त्याची धूळ. दहावी झाली, बारावी झाली, आज ती फार्मसिस्ट आहे. मागं रंकाळ्यावर भेटली, बुरख्यातच. म्हणाली मॅडम आता मी माझ्या मनानं घालते. मी विश्वास ठेवला, थोडी शंका राहिली मनात, पण ती शंका माझी आहे, तिच्यावर कशाला लादू.

म्हणून कर्नाटकातल्या उडुपीच्या पोरींना २०२२ मध्ये हिजाब घातला म्हणून कॉलेजच्या गेटवर अडवलं तेव्हा मला तो खिळाच आठवत होता. कर्नाटक हायकोर्ट म्हणालं हिजाब धर्माचा आवश्यक भाग नाही, सुप्रीम कोर्टात ऑक्टोबरमध्ये दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, त्यातले न्यायमूर्ती धुलिया म्हणाले हा निवडीचा प्रश्न आहे आणि मुलींचं शिक्षण आधी बघा. मला ते पटलं. आणि दुसरीकडं बघ, इराणमध्ये १९३६ ला पोलीस बायकांच्या अंगभर पांघरायच्या चादरी ओढून काढत होते आणि २०२२ मध्ये त्याच देशात ओढणी नीट नाही म्हणून महसा अमिनीला पकडलं, तीन दिवसांत पोरगी दवाखान्यात वारली. पदराला हात दुसऱ्याचाच, दोन्ही वेळेला.

चाचांशी भांडू नकोस, पण त्यांच्याबरोबर कुराण उघडून बस. सूरह नूर या अध्यायात नजर खाली ठेवायचं आधी पुरुषांना सांगितलंय, तिसाव्या आयतीत, बायकांचं त्याच्या पुढच्या. त्याच्याही आधी सत्ताविसावी, दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय जाऊ नका. आणि हिजाब हा शब्द सूरह अहज़ाबच्या त्रेपन्नाव्या आयतीत आलाय तो पैगंबरांच्या घराबद्दल, बोलावल्याशिवाय आत येऊ नका, जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नका, काही मागायचं तर पडद्याआडून मागा. म्हणजे तिथं तो घरचाच पडदा आहे गं, आतल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून बाहेरच्यांना घातलेली शिस्त. उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, यातनं पुढचं बरंच काढतात, त्यांचं पण वाच, पण आधी स्वतः वाच.

तू ओढणी घे किंवा नको घेऊ, मला दोन्ही चालेल, फक्त चाचांच्या भीतीनं घेऊ नकोस आणि रूम मिळावी म्हणून काढू नकोस. आणि कुठल्याही कारणानं कॉलेज बुडवायचं नाही, हे मात्र मी हक्कानं सांगतेय.

रूमचं मी बघितलंय. ती फार्मसिस्ट पुण्यातच असते, तिच्या ओळखीत एक खोली आहे, नाव आडनाव सगळं आधीच सांगितलंय त्यांना. रविवारी जाऊन बघून ये. पाणी किती वाजता येतं विचार, आणि दाराची कडी आतनं नीट लागते का तेवढं स्वतः लावून बघ.

तुझी,
मॅडम